पाखराला कसलं आलंय व्हिटॅमिन

"मला एक सांगा म्याडम. रानात एवढी पाखरं हायत. त्यांस्नी व्हिटॅमिन कोण घालतंय?"

कोल्हापुरात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, लग्न झालंय का, ही चौकशी नंतर. मी साताऱ्याची. नव्वदचं दशक संपता संपता मला कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती आणि मंगळवार पेठेतले बरेच उंबरे झिजवून मी या दारात उभी होते. पोटात भूक होती, ऊन मी म्हणत होतं आणि समोर आरामखुर्चीत बसलेला, कपाळभर विभूती ओढलेला एक दणकट म्हातारा पाखरांच्या आहारावर माझी तोंडी परीक्षा घेत होता. त्यांच्या डोक्यावर पिंजरा टांगलेला. त्यात पिवळ्या तुऱ्याचा, शेंदरी गालांचा एक करडा कॉकाटिल मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता.

मी वैतागून म्हणाले, "रानातलं पाखरू दिवसभर हिंडून पन्नास जिन्नस खातं. फळं, कोवळा पाला, किडे. पिंजऱ्यातल्याला तुम्ही घालाल तेवढंच. तुम्ही नुसते दाणेच घालत असाल तर लागणारच की व्हिटॅमिन."

म्हाताऱ्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग आतल्या दाराकडे तोंड करून दणदणीत आवाजात हाक दिली, "ऐकलंस का गं? ही तुझ्या बाजूची निघाली!" आणि मला म्हणाले, "तोंडावर बोलतीस. सामान कवा आणतीस?"

अशी मला खोली मिळाली. त्यांना सगळी पेठ अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. मीही तेच म्हणू लागले. अट एकच होती. "आमचं लिंगायताचं घर हाय. मासमटण न्हाय, अंडं न्हाय. तुला खायाचं आसंल तर भाईर खा, पर वास सुदीक भाईरच ठिवून ये." आजूबाजूला सगळी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची घरं, रविवारी दुपारी गल्लीत पाऊल टाकलं की मसाल्याच्या वासाने डोळे मिटावेत, आणि मधोमध हे एक घर, जिथे कांदा जरा जास्त परतला तरी अण्णा चौकशीला उठायचे.

अण्णांचा गुळाच्या अडतीचा धंदा. सकाळी मार्केट यार्डात सौदे निघायचे तेव्हा अण्णा हजर. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, बोटाने टकटक करायची, उजेडात रंग बघायचा, एक कण मोडून जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा आणि निकाल द्यायचा. एक नंबर, दोन नंबर, आणि अगदीच खराब असेल तर 'जनावराचा'. धंद्यात चाळीसेक वर्षं गेल्यामुळे हे तीन शेरे त्यांच्या अंगात इतके मुरले होते की यार्डातून घरी आले तरी ते थांबत नसत. अक्कांची भाकरी एक नंबर. महापालिकेच्या नळाचं पाणी दोन नंबर. आमचे प्राचार्य एकदा घरी आले होते, ते गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जनावराचा."

मला बघायला एक मुलगा आला, तेव्हा माझे आईवडील साताऱ्याहून आले होते आणि पोह्यांचा कार्यक्रम अण्णांच्याच पुढच्या सोप्यात झाला. अण्णांनी त्या मुलाच्या गुडघ्यावर बोटाने टकटक केली. चुकून नव्हे, मी समोर होते. तो गेल्यावर निकाल आला, "दोन नंबर हाय. रंग बरा हाय, पर आत वाळू लागती." मी पुढे त्याच्याशीच लग्न केलं. अण्णांचा अंदाज फारसा चुकला नव्हता.

दुसरी सवय घासाघिशीची. भाजीवाल्याशी सगळेच करतात, अण्णा डॉक्टरांशी करायचे. डॉक्टरांनी तीन गोळ्या सांगितल्या की हे म्हणायचे, "दोन करा." डॉक्टर म्हणायचे, अहो, औषध आहे ते. "मग अडीच. तुमचं न्हाय, माझं न्हाय." आणि खरंच घरी येऊन अडकित्त्याने गोळी अर्धी करायचे.

तर व्हिटॅमिन. अण्णांचं मत असं की जगातली सगळी व्हिटॅमिनं गुळात आहेत, आणि ज्यांना गूळ पिकवता येत नाही अशा मुलखातल्या लोकांनी नाइलाजाने बाटल्या काढल्या. त्यामुळे कॉकाटिलचा आहार ठरलेला. राळे, सूर्यफुलाच्या बिया, आणि सकाळी हरभऱ्याएवढा गूळ. तो गूळ यार्डातल्या पहिल्या प्रतीचा. गिऱ्हाईकाला दाखवायचा नमुना निम्मा फोडून आणायचे.

अक्का निपाणीकडच्या. बोलता बोलता मध्येच कानडी 'अय्यो' आणि 'यप्पा' यायचं. त्यांचे गुडघे एका डॉक्टरांनी दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी बरे झाले होते, त्यामुळे त्यांची श्रद्धा पूर्ण बाटलीवर. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशाच अक्काही. "मी गोळी खाल्लो आणि जोतिबाचा डोंगर चढून आलो. तुमचा गूळ खाऊन मी कुठं चढलो हुतो, सांगा की!" यावर अण्णा पिंजऱ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पावणं, तुमी काय ऐकू नगा."

पाखराला ते पावणं म्हणायचे. अहोजाहो करायचे. "पावणं जेवलं का? पावण्यांच्या अंगावर ऊन आलंय, पिंजरा सरकवा." त्याचं खरं नाव हिरो होतं, पण ते नाव घरात फक्त अक्का घ्यायच्या, कारण ते अण्णांच्या लेकीने ठेवलेलं होतं.

ही लेक एकुलती एक. मी राहायला जायच्या वर्षभर आधी तिने रत्नागिरीच्या एका मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. मुलगा बँकेत, शांत, चांगला. जात वेगळी, हे दुखणं होतंच. पण अण्णा बोलून दाखवायचे ते माशांबद्दल. "दोन्ही वक्त मासं शिजत्यात त्या घरात. माझी पोरगी त्या धुरात बसती." लेक घरातून निघाली तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पिंजरा होता, असं अक्का सांगायच्या. अण्णांनी बॅग जाऊ दिली, पिंजरा अडवला. म्हणाले, "ह्यो मुका जीव त्या घरात न्यायचा न्हाय. त्यो शाकाहारी हाय."

तेव्हापासून अण्णा लेकीशी एक शब्द बोलले नव्हते. लेक मात्र दर रविवारी सकाळी फोन करायची. आधी अक्का बोलायच्या, डोळे पुसत, भाजीपासून पाळण्यापर्यंत सगळं. मग अण्णा उठायचे. अक्कांच्या हातातून रिसीव्हर घ्यायचे, कानाला न लावता हात लांब करून पिंजऱ्याला भिडवायचे आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभे राहायचे. पलीकडून लेक शीळ घालायची. हिरो तुरा उभारून तीच शीळ परत घालायचा, आणि शेवटी स्वतःच्या पदरची एक कुकरची शिट्टी. कुकरची शिट्टी त्याने अक्कांच्या स्वयंपाकघरातून उचलली होती आणि इतकी हुबेहूब की अक्का फसून गॅस बंद करायच्या. आठवड्यातून एकदा आमच्या घरी आमटीतली डाळ कचकचीत असायची.

फोनची वायर आधी पिंजऱ्यापर्यंत पोचत नव्हती. अण्णांनी माणूस बोलावून सोप्यापर्यंत ती लांबवून घेतली. मी विचारलं, "अण्णा, एवढी वायर कशाला?" तर म्हणाले, "पावण्यांची गैरसोय व्हती."

मला त्या वेळी या माणसाचा फार राग यायचा. हात अवघडेपर्यंत रिसीव्हर धरून उभं राहायचं, पण "कशी आहेस" एवढं विचारायचं नाही. एकदा मी हे अक्कांना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्येंनी वायर लांबवली ती बघितलीस न्हवं? ऱ्हाऊ दे."

त्याच वर्षी थंडीत हिरो आजारी पडला. आधी आवाज बसला. मग पिसं फुगवून दिवसभर एका जागी, डोळ्यांना पाणी, नाकाशी खपली. गुळाचा खडा तसाच पडून राहू लागला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन पाखरांवरची पुस्तकं काढली. खरं सांगायचं तर माझं सगळं शिक्षण झुरळ आणि बेडकावर झालेलं. जिवंत पाखराला मी कधी हातही लावला नव्हता. पण लक्षणं जुळत होती. मी अण्णांना सांगितलं, "नुसत्या बिया खाऊन याला ए व्हिटॅमिन कमी पडलंय."

"मग गूळ वाढवू की."

"गुळात ते नसतं, अण्णा."

मी त्यांच्या देव्हाऱ्यावर पाय ठेवला असता तरी त्यांचा चेहरा एवढा पडला नसता.

अक्कांनी तेवढ्यात आपली चाल खेळली. औषधाच्या दुकानातून लहान मुलांचे व्हिटॅमिनचे थेंब आणून गुपचूप पाखराच्या पाण्यात टाकले. पाणी पिवळं झालं, त्याला वास सुटला आणि हिरोने पाणी पिणंच सोडलं. अण्णांनी पाण्याची वाटी काढली, उजेडात धरली, एक थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवला. "जनावराचा," म्हणाले, आणि अंगणात ओतून दिलं. या वेळी मला त्यांच्या बाजूने बोलावं लागलं, कारण तहानलेल्या पाखराला व्हिटॅमिन देऊन काय करायचं?

मग गाजर. गाजर, मेथी, पिकलेला भोपळा, यात सगळं असतं, असं मी सांगितलं. पण सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या हिरोने गाजराकडे ढुंकून पाहिलं नाही. अण्णा म्हणाले, आपण खाल्लं की बघून खाईल. म्हणून एका सकाळी आम्ही तिघं पिंजऱ्यासमोर पाट मांडून कच्ची गाजरं खात बसलो. अण्णा प्रत्येक घासाला "आहाहा, एक नंबर!" म्हणत होते. अक्कांच्या दाढेत कळ आली. शेजारची बाई दारात येऊन आम्हाला बघून, काही न विचारता परत गेली. हिरोने शांतपणे डोळे मिटून घेतले.

रविवारी फोन आला. अक्कांनी लेकीला आजाराचं सांगितलं नव्हतं. अण्णांनी रिसीव्हर पिंजऱ्याला लावला. पलीकडून शीळ आली. इकडे काही नाही. पुन्हा शीळ. पुन्हा काही नाही. मग रिसीव्हरमधून तिचा आवाज बारीकसा ऐकू आला, "हिरो? अरे हिरो? …अण्णा?" अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला आणि मला म्हणाले, "म्याडम, रिक्षा बोलवा."

रविवार असूनही डॉक्टर भेटले. ते गुरांचे डॉक्टर. पिंजरा टेबलावर ठेवताच ते दोन पावलं मागे सरकले. "अण्णा, मी म्हशीवाला. माझ्या सुईपेक्षा ह्याचा पाय बारीक आहे." तरी त्यांनी बघितलं, आणि मी म्हटलं तेच निदान केलं.

"माशाच्या लिव्हरचं तेल देतो. रोज दोन थेंब."

"मासं सोडून बोला."

"मग उकडलेलं अंडं. बलक कुस्करून चिमूटभर. आवडीनं खातात."

"तिसरं काय हाय?"

"गाजर, पालेभाजी."

"त्ये खात न्हाईत पावणं."

"मग दोनातलं एक निवडा, अण्णा. आणि लवकर निवडा, अंगात काही उरलेलं नाही त्याच्या."

पहिल्यांदाच मी अण्णांना घासाघीस न करता उठताना पाहिलं. रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन ते बसले होते. रंकाळ्याच्या वाऱ्याने पाखराला थंडी लागू नये म्हणून उपरणं त्याच्यावर पांघरलं होतं. मग म्हणाले, "शाकाहारी हाय म्हणून ठिवून घेतला. भांडून ठिवून घेतला, म्याडम." आणि थोड्या वेळाने, "पोरीसंगट माझ्याकडनं बोलणारा एवढाच हुता. ह्येनं तोंड मिटलं, तर मी काय करू?"

त्या माणसावरचा माझा सगळा राग तिथेच रिक्षात गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. अण्णा सौद्याला गेले नाहीत. सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून, "इचलकरंजीला जाऊन येतो," एवढं सांगून निघाले. इचलकरंजीला त्यांचं काही काम नव्हतं, हे अक्कांना माहीत होतं. दिवसभर कुठे घुटमळले कोण जाणे, दिवेलागणीला परत आले तेव्हा हातात गुळाच्या नमुन्याचा पत्र्याचा डबा. तो त्यांनी छातीशी असा धरला होता की मला वाटलं, एखाद्या देवळातला प्रसाद असेल. मागच्या अंगणात नेऊन त्यांनी झाकण उघडलं. आत कापूस, कापसात उपरण्याची चिंधी, आणि चिंधीत एक अंडं.

गल्लीच्या तोंडाशी अंड्यांचं दुकान होतं. पण तिथून अण्णांनी अंडं घेतलं असतं तर ते घरी पोचायच्या आत बातमी गंगावेशीत पोचली असती. म्हणून जिथे त्यांना कुणी ओळखत नाही अशा गावी एस.टी.ने जाऊन त्यांनी एक अंडं आणलं होतं. दुकानदाराने विचारलं म्हणे, "पावणं, एकच?" अण्णांनी घाबरून सांगितलं, "नमुन्याला."

अक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "माझ्या चुलीला लावाय देणार न्हाय." पण हे बोलता बोलताच त्या आत गेल्या आणि कपडे उकळायचा जुना डबा घासून घेऊन आल्या. अंगणात तीन विटा मांडल्या, गोवऱ्या पेटवल्या, डब्यात पाणी ओतलं. मग नवरा-बायको दोघं त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. दोघांनी मिळून सव्वाशे वर्षं जगात काढली असतील, पण अंडं कसं उकडतात ते दोघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं.

"फोडून टाकायचं का तसंच?" अक्कांनी विचारलं.

"अण्णा," मी म्हणाले, "मला येतं. आमच्या घरी चालतं. मी सांगते ना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणतेय ते त्यांना नीट ऐकू आलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. "तू गप बस," ते म्हणाले, आणि सोप्यात गेले.

इथे थांबून एक सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. हिरो बरा झाला. पुढे पुष्कळ वर्षं जगला, कुकरच्या शिट्ट्या घालत राहिला. अंड्याने बरा झाला, की महिन्याभराने अंड्यात कालवून दिलेलं गाजर तो खाऊ लागला त्याने, की डॉक्टर म्हशीवाले असूनही त्यांचा हातगुण चांगला होता, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पाळीव पाखराला व्हिटॅमिन लागतं का, असं कुणी विचारलं तर मी म्हणते, पानात चार प्रकार असतील तर लागत नाही. वर्गात मी एवढंच शिकवते.

अण्णा फोनपाशी उभे राहिले. मला वाटलं, अक्कांना नंबर विचारतील. त्यांनी विचारला नाही. रत्नागिरीचा कोड आणि पुढचा नंबर त्यांनी एका दमात फिरवला, कुठेही न अडखळता. अक्का दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता.

या वेळी अण्णांनी रिसीव्हर कानाला लावला.

"हॅलो. मी बोलतोय."

पलीकडे काय झालं ते मला दिसलं नाही. अण्णा बराच वेळ नुसते ऐकत होते. रडणं ऐकत असावेत, कारण मध्येच एकदा म्हणाले, "आगं थांब की. रड नंतर. पाणी ठिवलंय चुलीवर." मग घसा खाकरून, यार्डात बोली लावायच्या आवाजात विचारलं, "अंडं पाण्यासंगट घालायचं, का पाणी तापल्यावर? …मला न्हवं गं! पावण्यांस्नी. हिरोला. आजारी हाय तो."

'हिरो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. अक्का चौकटीशीच खाली बसल्या.

"व्हय. …व्हय. …आन किती येळ? …आन साल? ती कशी काढायची?" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुला ह्ये कोण शिकिवलं? आपल्या घरात तर कोण करत न्हवतं." पलीकडून उत्तर आलं. अण्णांनी डोळे मिटले, उघडले, भिंतीकडे पाहिलं. या वेळी तोंड मात्र फिरवलं नाही.

"मग मधी तू कशाला? त्यांस्नीच दे फोन."

मधे थोडा वेळ गेला. अण्णांनी मोकळ्या हाताने सदऱ्याचं वरचं बटण लावलं, टोपी सारखी केली आणि ताठ उभे राहिले.

"नमस्कार जावईबापू. मी सासरा बोलतोय. पाणी उकळाय लागलंय, लवकर सांगा."